वैजनाथाची परळी आणि मातीची नाडी

परभणीहून सुटलेली गाडी गोदावरीचा पूल ओलांडते, गंगाखेड मागे पडते आणि दोन्ही अंगांना काळ्या रानांचा सपाट पसारा सुरू होतो. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी अशी आपल्या ओळखीची पिके डोळ्यांपुढून सरकत राहतात. मग हळूहळू बालाघाटाच्या टेकड्या वर येऊ लागतात, वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात आणि गाडीतली मंडळी पिशव्या सावरू लागतात. परळी वैजनाथ आले!

येथे येणारा बहुतेक माणूस देवदर्शनासाठी येतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते. गावालगतच्या उंचवट्यावर वैद्यनाथाचे दगडी देऊळ आहे. रुंद, प्रशस्त पायऱ्या चढून वर जावे लागते. या देवळाचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला. बारा ज्योतिर्लिंगांतले वैद्यनाथ कोणते, याविषयी परळी आणि झारखंडातील देवघर अशा दोन परंपरा आहेत. परळीचा भाविक मात्र त्या वादात पडत नाही. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी देवांनी या लिंगात लपविले, अशी येथली कथा आहे. वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. येथे भक्ताला लिंगाला हात लावून दर्शन घेता येते, तेही या कथेमुळेच असे सांगतात.

वैद्याचे नाव निघालेच आहे, तर एक विचार मनात येतो. जुना वैद्य रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय मात्रेची डबी उघडत नसे. आपण शेतकरी मात्र जमिनीची नाडी न पाहताच तिला खताच्या आणि औषधांच्या मात्रा देत सुटतो. मातीला नाडी असते काय? असते. ती प्रयोगशाळेत पाहता येते, आकड्यात सांगता येते आणि तिचे नाव आहे सामू. इंग्रजी शिकलेली मुले त्यालाच पीएच म्हणतात. एखाद्या द्रावणात आंबटपणा, म्हणजे आम्लता, किती आहे हे सांगणारा हा आकडा. परळीच्या या फेरीत देवदर्शनाबरोबर या आकड्याचीही ओळख करून घेऊ. कारण हा आकडा ठाऊक नसल्यामुळे शेतकऱ्याच्या खिशातून किती पैसा मातीत जातो, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

हळदीपासून सुरुवात

देवळाच्या वाटेवर हळदी-कुंकवाची दुकाने ओळीने लागतात. पिवळ्याधमक हळदीची रास तेथे पाहिली की घरातल्या बायकांना ठाऊक असलेली एक गोष्ट आठवते. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लालसर होतो. हळदीत पानाला लावायचा चुना कालवला तरी तसेच होते. त्याच लाल हळदीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी पडते. ही जादू नव्हे. लिंबू आम्ल आहे. चुना त्याच्या उलट गुणाचा, म्हणजे विम्ल आहे. साबणही विम्लाच्या बाजूचाच. हळद आपला रंग बदलून सांगते की समोरचा पदार्थ कोणत्या बाजूचा आहे. अशा रंग बदलणाऱ्या पदार्थाला रसायनशास्त्रात दर्शक म्हणतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमसचा कागद असतो. निळा लिटमस आम्लात बुडवला की तांबडा होतो, तांबडा लिटमस विम्लात निळा होतो. हा लिटमसही काही परदेशी नवलाईची वस्तू नव्हे. आपल्या मसाल्यात दगडफूल असते ना, त्याच्या भाऊबंदांपासून, खडकांवर वाढणाऱ्या शैवाकांपासून, तो रंग काढला जाई.

दर्शकाने बाजू कळते, पण नेमके माप कळत नाही. लिंबूही आंबट आणि ताकही आंबट. पण कोण किती? ताप आहे हे कपाळाला हात लावून कळते, किती आहे हे कळायला थर्मामीटर लागतो, तशातलाच हा प्रकार.

आकडा कसा ठरला

हे माप बसविले डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने, १९०९ साली. कोपनहेगन शहरातल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तो काम करीत होता. ही प्रयोगशाळा बिअर बनविणाऱ्या कारखान्याने चालविलेली. आंबवण्याच्या धंद्यात आम्लता थोडी इकडेतिकडे झाली की सगळी बिघडत असे, म्हणून त्याला नेमके माप हवे होते.

मापाची पट्टी साधारण ० ते १४ अशी आहे. ७ म्हणजे मध्य, ना आम्ल ना विम्ल. त्याच्या खाली आकडा जाईल तशी आम्लता वाढते, वर जाईल तशी विम्लता वाढते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. दह्याचा साडेचारच्या जवळ. ताज्या दुधाचा ६.६ च्या सुमारास. आपल्या रक्ताचा ७.४. चुन्याच्या निवळीचा बाराच्याही वर.

येथे एक खुबी नीट ध्यानात घेतली पाहिजे. ही पट्टी गजाच्या पट्टीसारखी नाही. एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. ६ सामूचे पाणी ७ सामूच्या पाण्याहून दहा पट आम्ल, ५ चे शंभर पट. म्हणून सामू ८ वरून ९ झाला, एकानेच तर वाढला, असे म्हणून चालत नाही.

सामू मोजण्याचे विजेवर चालणारे सुटसुटीत यंत्र आले ते शेतकऱ्याच्याच गरजेतून. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात लिंबूवर्गीय फळांचा मोठा धंदा. तेथल्या बागायतदारांच्या संघाच्या प्रयोगशाळेत रसाची आम्लता मोजायची होती, पण त्या वेळची उपकरणे नाजूक आणि त्रासाची. तेव्हा आर्नोल्ड बेकमन या प्राध्यापकाने १९३४ साली आपल्या मित्रासाठी एक पेटीवजा यंत्र बनविले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जे सामूमापक दिसतात त्यांचे मूळ त्या लिंबाच्या रसात आहे!

वीज केंद्रातले पाणी

परळीत सामूची सर्वांत कडक राखण होते ती वीज केंद्रात. येथला ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे संच आले आणि या शतकात २५० मेगावॅटचे. दगडी कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने चक्र फिरवून वीज काढायची, असे हे काम. म्हणजे कोळशाइतकेच महत्त्व पाण्याला. हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. २०१५ साली दुष्काळात बंधाऱ्यातले पाणी सरले आणि केंद्र बंद ठेवावे लागले होते.

नदीचे पाणी थेट बाष्पकात घालता येत नाही. त्यातला गाळ तुरटीने खाली बसवावा लागतो, मग पाणी गाळून त्यातले क्षारही काढून टाकावे लागतात. क्षार राहिले तर नळ्यांत खपली धरते. आपल्या घरी पाणी तापविण्याच्या बंबात धरते, तशीच. इतके शुद्ध झालेले पाणीसुद्धा तसेच वापरीत नाहीत. त्याचा सामू ९ च्या आसपास आणून ठेवतात. पाणी आम्लाकडे झुकले तर पोलाद खाऊ लागते. थोडे विम्ल असले तर नळीच्या आत लोखंडाचाच एक पातळ काळा थर धरतो आणि तोच नळीचे रक्षण करतो. म्हणून अशा केंद्रात प्रत्येक पाळीला पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. नळी फुटली तर संच बंद, आणि संच बंद म्हणजे कितीतरी गावांचा अंधार. तेथे कोणी अंदाजाने काम करीत नाही. पाण्यात औषध घालण्याआधी आकडा पाहतात, घातल्यावर पुन्हा पाहतात. आपल्या शेतीने या केंद्राकडून घेण्यासारखी गोष्ट हीच.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

आता मातीचा सामू कसा काढतात ते पाहू. बीड येथे जिल्ह्याची माती तपासणी प्रयोगशाळा आहे. परळीहून रेल्वेने गेले की परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ लागते. या विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची.

आपण नेलेली माती तेथे सावलीत वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. त्यातली २० ग्रॅम माती काचेच्या भांड्यात घेऊन तीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालतात. हे मिश्रण काचेच्या कांडीने अधूनमधून सुमारे अर्धा तास ढवळतात. मग त्यात यंत्राची कांडी बुडवितात. या कांडीच्या टोकाला अगदी पातळ काचेचा लहानसा फुगा असतो. फुग्याच्या आतले द्रावण ठरलेल्या सामूचे असते, बाहेर आपल्या मातीचे पाणी. आत-बाहेरच्या आम्लतेत फरक असला की काचेच्या दोन बाजूंना किंचित विजेचा दाब तयार होतो. सामूच्या एका आकड्याला सुमारे ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे हातबत्तीच्या एका सेलच्या दाबाचा पंचविसावा हिस्सा. यंत्र तो दाब मोजते आणि सामूच्या आकड्यात दाखविते.

पण त्याआधी यंत्राचीच परीक्षा घेतात. ज्यांचा सामू पक्का ठाऊक आहे, अशी ४, ७ आणि ९.२ सामूची द्रावणे तयार असतात. त्यात कांडी बुडवून यंत्र बरोबर आकडा दाखविते की नाही ते पाहतात, नसेल तर जुळवून घेतात. दुकानदाराचा काटा आधी वजनाने तपासावा, तसेच हे. बाजारात स्वस्त सामूमापक मिळतात, ते वाईट असतात असे नाही. पण ज्याने यंत्र असे जुळवून घेतलेले नाही, त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

आकडा एक, साठा दुसरा

आणखी एक भेद येथेच समजून घेतला पाहिजे, कारण पैशाचे नुकसान होते ते याच ठिकाणी. सामू सांगतो ती आम्लतेची किंवा विम्लतेची तीव्रता. तिचा साठा किती, हे तो सांगत नाही. चुलीवरच्या वाटीतले आणि हंड्यातले पाणी सारखेच तापलेले असू शकते. पण हंडाभर पाणी निवविण्यास किती तरी जास्त गार पाणी लागते.

साठा मोजण्याची रीत निराळी आहे. दूध डेअरीत ती चालते. ठरलेल्या मापाचे दूध घ्यायचे, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे थेंब टाकायचे आणि उभ्या नळीतून कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंबथेंब सोडायचे. गुलाबी छटा टिकून राहिली की थांबायचे. किती द्रावण लागले त्यावरून दुधात आम्ल किती हे काढतात. ताज्या दुधात ते शेकडा ०.१३ ते ०.१६ च्या आसपास भरते. दूध आंबू लागले की आकडा चढतो.

मातीचेही तसेच. आपल्या काळ्या जमिनी काळ्या कातळापासून झालेल्या. अनेक ठिकाणी त्यांत बारीक चुनखडीचे खडे असतात. अशा मातीवर प्रयोगशाळेत पातळ आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. त्या चुन्यामुळे मातीचा सामू ७.५ ते ८.५ यांच्या दरम्यान राहतो. हा झाला आकडा. आता साठा पाहा. एक एकर जमिनीतल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. तीत शेकडा ५ चुना धरला तर तो झाला ४५ हजार किलो, म्हणजे ४५ टन. इतका चुना मारायचा म्हटले तर १४ टनांहून अधिक गंधक लागेल! आणि चुना शिल्लक आहे तोवर सामू काही कायमचा खाली येणार नाही.

आता कोणी पाच-दहा किलोची पिशवी दाखवून म्हणाला, ही एकरी टाका, जमिनीचा सामू सातवर येईल, तर त्याला हा हिशेब करून दाखवावा. शिकलेल्या मुलाकडून कागदावर मांडून घ्यावा. पिशवीची किंमत वाचेल.

मग करायचे काय?

चुनखडीच्या जमिनीचा सामू बदलण्याच्या मागे न लागता त्या सामूत पीक कसे जगवायचे ते पाहायचे. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. सोयाबीनची, भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर केवडा दिसतो. शेतकरी समजतो नत्र कमी पडले आणि युरिया ओततो. तेथे युरिया काम करीत नाही. हिराकसाची फवारणी करावी लागते. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल हे प्रमाण सामान्यतः सांगतात. पण पिकाप्रमाणे कृषी सहायकाला विचारून घ्यावे.

स्फुरदाचे खत चुन्याशी बांधले जाते. म्हणून ते फेकून न देता बियाण्याच्या ओळीजवळ, कुजलेल्या शेणखताबरोबर पेरून द्यावे. युरिया वर उघडा पडला तर विम्ल जमिनीत त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. तो मातीआड करावा.

सामू ८.५ च्या वर गेला असेल तर गोष्ट निराळी. ती जमीन चोपण असण्याचा संभव. तेथे सोडियम साठलेला असतो, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. तेथे जिप्सम उपयोगी पडते, पण किती टाकायचे हे प्रयोगशाळाच सांगते, आणि निचऱ्याचे चर काढल्याशिवाय गुण येत नाही. साध्या चुनखडीच्या रानात सामू उतरविण्यासाठी मात्र जिप्सम टाकू नये, त्याने तो उतरत नाही. कोकणातल्या तांबड्या जांभ्या जमिनीत तर सगळेच उलट. तेथे माती आम्ल असते आणि कित्येकदा तिलाच चुना द्यावा लागतो. तिकडच्या पाहुण्याचा सल्ला इकडे चालत नाही, तो यामुळेच.

फवारणीच्या पाण्याचे पाहा. बोअरचे पाणी कित्येकदा आठाच्या वर सामूचे असते. मॅलाथिऑन, डायमेथोएट यांसारखी कीटकनाशके विम्ल पाण्यात लवकर निकामी होतात. म्हणून कालवलेले औषध रात्रभर ठेवू नये. पाणी कागदी पट्टीने तपासावे. फार विम्ल असेल तर थोडे सायट्रिक आम्ल घालून पुन्हा पट्टी पाहावी. टाकीभर पाण्याचा साठा लहान, म्हणून येथे चिमूटभराने काम भागते, एकरभर मातीत भागत नाही. बोर्डो मिश्रण मात्र याला अपवाद. त्यात आम्ल घालायचे नाही. मिश्रण तयार झाले की स्वच्छ विळा त्यात थोडा वेळ बुडवून पाहावा. विळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, पिकाची पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घालावी. विळ्याची ही परीक्षा आपल्या फळबागवाल्यांची जुनीच आहे.

नमुना नेताना

पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी नमुना घ्यावा. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, पाण्याची वाट सोडून द्यावी. रानात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळी एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. काळी आणि मुरमाड माती एकत्र करू नये. खताच्या रिकाम्या पोत्यात तर मुळीच भरू नये, नाहीतर खताचाच आकडा येईल. स्वच्छ कापडी पिशवीत घालून आत शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, मागचे व पुढचे पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात आणि सामू त्यांतलाच एक. ज्यांच्या घरी ती पत्रिका आहे त्यांनी कपाटातून काढून सामूचा आकडा पाहावा. मुक्त चुना त्या बारांत नसतो, तोही तपासून द्या असे नमुना देताना सांगावे.

उन्हाळ्यात लग्नसराईच्या गडबडीत पुष्कळांचे परळीला जाणे होते. बीडला किंवा परभणीला कामही निघते. त्या फेरीत मातीची एक पिशवी बरोबर असू द्यावी. मृगाच्या आधी कागद हाती आला, तर या वर्षीची खताची यादी दुकानात नव्हे, घरी बसून करता येईल.